छोटे मासे पुन्हा पुन्हा मरतायत? औषधाआधी मासा कधी मेला ते बघा

आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा आणले, चार दिवस झकास फिरले, मग रोज एक असे गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं, ते टाकलं, तरी थांबलं नाही. शेवटी टाकी रिकामी करून घासून धुतली, नवे मासे आणले, आणि पुन्हा तेच. छोट्या माशांबद्दल ही तक्रार इतक्या जणांकडून इतक्या सारख्या शब्दांत ऐकू येते, की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या टाकीतले छोटे मासे बहुतेक वेळा रोगाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. पाण्याने दुबळे झाले की मागून रोग येतो, आणि आपण रोगावर औषध टाकत बसतो. पाण्यात नेमकं काय बिघडलंय, हे ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मासा आणल्यापासून किती वेळाने मेला. पहिल्या रात्री मेलेल्या माशाचं कारण आणि तिसऱ्या आठवड्यात मेलेल्या माशाचं कारण सहसा एक नसतं. म्हणून खालची सगळी मांडणी वेळेप्रमाणे आहे. तुमच्या टाकीची वेळ ज्या भागात बसते, तिथून वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल.

त्याआधी मासा कोणता आहे ते बघू. दुकानात ‘छोटे मासे’ म्हणून एकाच रांगेत ठेवलेल्या माशांपैकी निऑनसारखे टेट्रा दक्षिण अमेरिकेतले. रासबोरा, डॅनिओ, बार्ब, गुरामी, लोच हे आपल्या आशियातले. पण आशिया म्हणजे काही एक पाणी नव्हे. हार्लेक्विन रासबोरा मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राच्या दलदलीच्या जंगलांतला. तिथे पानं कुजून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) ७ च्या बराच खाली असतो. दोन सेंटिमीटरचा लालभडक चिली रासबोरा बोर्निओच्या तशाच पाण्यातला. झेब्रा डॅनिओ गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, भातखाचरं आणि संथ ओढ्यांतला. स्कॉटिश निसर्ग-अभ्यासक हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. तो १८ अंशांपासून २८ अंशांपर्यंत आरामात राहतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला आपलंसं केलं, त्यामागे हा काटकपणाही आहे. ‘गॅलेक्सी रासबोरा’ नावाने विकला जाणारा मासा खरं तर डॅनिओच आहे. तो २००६ मध्ये म्यानमारच्या शान प्रांतात होपाँगजवळ सापडला, हजार मीटरहून उंचावरच्या, थंड, वनस्पतींनी भरलेल्या नितळ पाण्यात. व्हाइट क्लाउड मिनो दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौजवळच्या डोंगरातला. त्यालाही थंडावा लागतो, २०-२२ अंश त्याला सुखाचे.

आता चिली रासबोरा, गॅलेक्सी आणि व्हाइट क्लाउड ‘सगळे लहानच आहेत’ म्हणून एका टाकीत सोडले, तर कुणाला तरी त्रास होणारच. आणि टाकीत झेब्रा डॅनिओसुद्धा मरत असतील, तर बाकी कशाचाही विचार करण्याआधी पाणी तपासा. हा मासा सहजासहजी हार मानत नाही.

पहिल्या रात्रीत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत मेले

इथे रोगाचा संशय घेऊच नका. चार गोष्टी बघा.

पहिली, क्लोरीन. नळाचं पाणी थेट टाकीत घातलं असेल तर कल्ले भाजल्यासारखे होतात, मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकतो. पाणी बादलीत काढून त्यात एअर पंप रात्रभर चालवला की मोकळा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १०० लिटरला १ ग्रॅम पुरतो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते नुसतं ठेवून उडत नाही. तिथे हायपो टाकला तरी मागे थोडा अमोनिया उरतो, म्हणून एका वेळी थोडंच पाणी बदलायचं.

दुसरी, क्षारांचा धक्का. दुकानातलं पाणी एका टीडीएसचं (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा) आणि तुमच्याकडे बोअरवेलचं ७००-८०० चं, असं असेल तर माशाच्या शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा तोल एका झटक्यात बिघडतो. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. ते खिशात ठेवा, दुकानातल्या टाकीत बुडवून बघा. चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही. फरक दुपटीहून जास्त असेल तर पिशवीतलं पाणी एका छोट्या डब्यात घ्यायचं आणि एअरच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब त्यात सोडायचं, तास-दीड तास.

पण हे जवळच्या दुकानातून आणलेल्या माशासाठी. कुरिअरने आलेल्या, चोवीस तासांहून जास्त बंद पिशवीत राहिलेल्या माशासाठी नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात मासा दोन तास थेंबथेंब सवय करत बसला तर तो त्या विषात बसलेला असतो. त्याला तापमान जुळेपर्यंत बंद पिशवीसकट तरंगू द्या, मग पिशवी उघडून जाळीने अलगद टाकीत सोडा आणि पिशवीचं पाणी मोरीत ओता. यासाठी टाकीच्या पाण्याचा टीडीएस आधीच पाठवणाऱ्याच्या पाण्याशी जुळवून ठेवावा लागतो, म्हणून ऑर्डर देतानाच त्याला आकडा विचारून घ्या.

तिसरी गोष्ट आपल्या घरांत फार घडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. डासांसाठीचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल. यांतली बहुतेक द्रव्यं पायरेथ्रॉइड जातीची असतात. माणसाला फारसा त्रास देत नाहीत, माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात बुडबुडे सोडतो, म्हणजे खोलीत मारलेला स्प्रे थेट पाण्यात. मासे गोल गोल फिरून, अंग आक्रसून, एकाच वेळी बरेच गेले तर आधी हा प्रश्न विचारा: काल घरात काय फवारलं? पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल त्या दिवशी टाकी प्लॅस्टिकने झाका, आणि पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांबवून घ्या.

चौथी, उडी. डॅनिओ घाबरला की उडी मारतो. सकाळी एक मासा ‘गायब’ असेल तर टाकीच्या मागे, स्टँडखाली बघा. झाकण लावणं एवढाच उपाय.

दुसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत, रोज एक-एक

सर्वांत जास्त मासे या काळात जातात, आणि सर्वांत जास्त औषधंही याच काळात वाया जातात.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजूनही तोच तयार होतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर बसलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सहन होतो, आधीचे दोन नाही. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार ‘टाकी दोन दिवस चालवून मग मासे सोडा’ म्हणतो, पण त्या दोन दिवसांत पाणी फक्त नितळ दिसायला लागतं. नितळ दिसणं आणि सुरक्षित असणं यांचा इथे काही संबंध नाही.

अमोनिया किती मारक, हे पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. शेजाऱ्याच्या टाकीत तेवढेच मासे, तेवढंच खाणं, तरी त्याचे जगतात आणि तुमचे मरतात, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं की त्याच्याकडे धरणाचं मऊ पाणी येतं आणि तुमच्याकडे बोअरवेलचं.

चिन्हं अशी: मासे फिल्टरच्या धारेपाशी किंवा वर गोळा होतात, कल्ले भराभर हलतात, कल्ल्यांच्या कडा लाल दिसतात. नायट्राइट वाढला असेल तर रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा धापा टाकतो, तो यामुळे. नक्की कळायचं तर द्रवाचे थेंब टाकून रंग जुळवायचं टेस्ट किट आणा, अमोनियाचं आणि नायट्राइटचं. एका वेळच्या माशांच्या पैशांत ते येतं. दुकानात ‘पाणी चेक करून द्या’ म्हणून नेलंत तर ‘ठीक आहे’ असं उत्तर घेऊन परत येऊ नका, आकडा मागा.

अमोनिया ०.२५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर दिसला तर त्याच दिवशी: खाणं बंद. छोटा मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी घेऊन ३०-४० टक्के पाणी बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, पुन्हा तेवढंच बदला. नायट्राइट असेल तर दर १० लिटरला ५ ते १० ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. वाळू धुऊ नका, टाकी रिकामी करू नका, स्पंज नळाखाली पिळू नका. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून घ्या, बस.

आणि त्या निळ्या औषधाबद्दल. मिथिलीन ब्लू वाईट औषध नाही, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून तर फार उपयोगी. पण मुख्य टाकीत ओतलं की ते फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणू मारतं. अनेक अँटिबायोटिकही तेच करतात. म्हणजे अमोनियाने मासे मरत होते, त्यावर असं औषध टाकलं ज्याने अमोनिया आणखी वाढतो. मग आणखी मासे मेले, म्हणून टाकी धुतली, उरलेसुरले जिवाणूही गेले, आणि नवे मासे पुन्हा कोऱ्या टाकीत आले. सुरुवातीला सांगितलेली तक्रार या एकाच चक्रातून निर्माण होते. ते तोडायचं असेल तर औषधाची बाटली या टप्प्यावर कपाटातच राहू दे.

सहा आठवडे थांबायचं नसेल तर ओळखीच्या कुणाची निरोगी, वर्षभर चाललेली टाकी शोधा आणि त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून घ्या. ओल्या पिशवीतून घरी आणून लगेच तुमच्या फिल्टरमध्ये घाला. यापेक्षा चांगली भेट नव्या टाकीला कुणी देऊ शकत नाही. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, कधी चालतात, कधी नाही. मी तरी स्पंजावरच विश्वास ठेवतो.

दोन ते पाच आठवड्यांनी, हळूहळू बारीक होऊन

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तरी मासे एक-एक कमी होतायत. आता बाजूने बघा, पोटाकडे. पोट आत गेलेलं, पाठ सुरीसारखी झालेली असेल तर मासा उपाशी आहे किंवा पोटात परजीवी आहेत. उपासमार जास्त शक्य, आणि ती आपल्यासमोर होत असते.

चिली रासबोराचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढंही नसतं. त्याला मोठे दाणे घातले की तो ते तोंडात घेतो, बाहेर टाकतो, पुन्हा घेतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं खातोय. दाणे बोटांनी चुरून अगदी पिठासारखे करा, दिवसातून दोनदा थोडे थोडे घाला.

स्कार्लेट बॅडिसचं प्रकरण वेगळंच. बंगाल-आसामच्या ओढ्यांतला हा लाल पट्ट्यांचा मासा नर झाला तरी दोन सेंटिमीटरच्या आसपास. कोरडं खाणं तो बहुतेक वेळा खाणं म्हणून ओळखतच नाही. दाणा त्याच्या तोंडासमोरून खाली गेला तरी डोळा हलत नाही. पण एक जिवंत डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला उड्या मारणारा बारीकसा जीव, सोडून बघा. आधी डोळा फिरतो, मग सगळं अंग तिकडे वळतं. पर ताठ करून तो पानाआडून बोटभर पुढे सरकतो, थांबतो, डॅफ्नियाने पुढची उडी घेतली की झडप. हे एकदा पाहिलं की कळतं, हलत नाही ते त्याच्यासाठी अन्न नाही. आर्टेमिया या बारीक खाऱ्या कोळंबीची पिल्लं, मायक्रोवर्म नावाचे बारीक कृमी, डॅफ्निया, डासांच्या लहान अळ्या यांतलं काही आठवड्यातून बऱ्याचदा मिळवता येणार नसेल तर हा मासा घेऊ नका. केरळातला वाटाण्याएवढा पी पफरही याच पंक्तीतला. त्याला लहान गोगलगाई लागतात, आणि दुसऱ्या माशांचे पर तो कुरतडतो.

पोट ठीक आहे पण पर फाटलेत, मासा कोपऱ्यात लपतोय, असं दिसलं तर सोबत कोण आहे ते बघा. टायगर बार्ब चार-पाचच असले की शेजाऱ्यांचे पर ओढतात. तेच दहा-बारा असले की आपसांतल्या भांडणात गुंततात. तरी लांब पर असलेला मासा त्यांच्यासोबत नकोच. रासबोरा आणि डॅनिओही तीन-चार ठेवले की भेदरलेले राहतात, रंग फिका पडतो, खाणं कमी होतं. आठच्या खाली जाऊ नका. दुकानातून जोडी-जोडीने मासे आणायची सवय या माशांच्या मुळावर येते.

आता खरे रोग. पांढरे मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे इक. त्याचं औषध अंगावरच्या ठिपक्याला लागतच नाही. परजीवी ठिपका सोडून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं पाण्यात येतात, तेव्हाच ती औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेल्यावर थांबू नका, शेवटचा ठिपका दिसल्यापासून आणखी आठवडाभर उपचार चालू ठेवा. हा रोग ‘परत परत येतो’ म्हणणारे बहुतेक जण चौथ्या दिवशी थांबलेले असतात. हार्लेक्विन किंवा झेब्रा डॅनिओला तापमान हळूहळू २९-३० पर्यंत नेलेलं चालतं, व्हाइट क्लाउड आणि गॅलेक्सीला मात्र नको.

दुसरा आहे व्हेल्व्हेट, आणि छोट्या रासबोरांना तो फार पटकन संपवतो. दिवसा दिसत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून बाजूने पाडा. अंगावर, विशेषतः मानेजवळ, सोनेरी-पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसली तर तो व्हेल्व्हेट. मासा पानांना, दगडांना अंग घासतो, पर मिटून घेतो. हा परजीवी प्रकाशावरही जगतो, म्हणून टाकी चादरीने झाकून अंधार करा, आणि सगळे मासे वेगळ्या टबात घेऊन तिथे उपचार करा. तांब्याचं औषध वापरणार असाल तर डबीवरचं प्रमाण तंतोतंत पाळा, आणि कोळंबी-गोगलगाई असलेल्या टाकीत ते अजिबात टाकू नका, त्या मरतात. मुख्य टाकी तीन-चार आठवडे माशांविना चालू ठेवली की परजीवी उपासमारीने संपतो. फिल्टरचे जिवाणू त्या काळात जगावेत म्हणून दोन दिवसांनी चिमूटभर खाणं टाकत जा.

तोंडाभोवती कापसासारखं पांढरं, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असं असेल तर ती बुरशी नाही, कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग आहे. तो उष्णतेत भडकतो. इथे तापमान वाढवलंत तर उलट परिणाम होईल.

दर वेळी पाणी बदललं की मरतात

‘पाणी बदललं नाही तर बरे असतात, बदललं की मरतात, म्हणून मी बदलतच नाही’ हेही नेहमी ऐकायला मिळतं. जुन्या, महिनोन्‌महिने न बदललेल्या टाकीत पाण्याची आम्ल सोसायची ताकद संपते आणि पीएच ६ च्या खाली घसरतो. तिथे जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण कमी पीएचमुळे निरुपद्रवी रूपात राहतो. त्यात एकदम अर्धी टाकी ७.८ चं नळाचं पाणी पडलं की पीएच चढतो आणि साठलेला सगळा अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. अशा टाकीत पहिले दोन आठवडे रोज ५ ते १० टक्केच बदला, मग हळूहळू आठवड्याला २५ टक्क्यांवर या.

शहरांतली आणखी एक गोष्ट. पावसाळा सुरू झाला, धरणात गढूळ पाणी आलं की पालिका अनेकदा क्लोरीनचं प्रमाण वाढवते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो आणि ते पाणी गच्चीवरच्या टाकीत नळाच्या पाण्यात मिसळतं. काल टीडीएस ९० होता, आज ५००. तुम्हाला नळ तोच, पाणी तेच वाटतं. मार्च ते जुलै दर वेळी पाणी बदलण्याआधी बादलीत मीटर बुडवा. आकडा एकदम चढलेला दिसला तर त्या दिवशी पाणी बदलू नका, किंवा आरओचं पाणी मिसळून आकडा खाली आणा. नुसत्या आरओच्या पाण्यावर टाकी चालवू नका, त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार नसतात आणि तो अचानक कोसळतो. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मात्र आरओच वापरा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यात पुन्हा बोअरवेलचं घातलं की टीडीएस महिन्याभरात चढत जातो.

मुंबईला येणारं तलावांचं पाणी मुळात मऊ असतं, हार्लेक्विनसाठी ते फारसं काही न करता चालतं. मराठवाड्यात, विदर्भात बोअरवेलवर असाल तर चिली रासबोराचा हट्ट धरण्यापेक्षा झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब निवडा. दोन्ही आपल्या देशातले, कडक पाणी सोसणारे, आणि मोठ्या थव्यात ठेवले तर देखणे. रासबोराच हवे असतील तर देशी बदामाची वाळून गळलेली पानं धुऊन टाकीत ठेवा. रस्त्याकडेला ती भरपूर मिळतात, फवारणी झालेल्या बागेतली घेऊ नका. पानांनी पाणी तांबूस होतं, मासे निवांत होतात. कडक पाण्याचा पीएच मात्र ती फारशी खाली आणत नाहीत, त्यासाठी आरओचं मिश्रण लागतंच.

एप्रिल-मे, आणि वीज गेल्यावर

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसातच्या आसपास. आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. झाकण काढून जाळी लावा, टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ थेट टाकू नका. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात एसीशिवाय व्हाइट क्लाउड ठेवणं म्हणजे दर मे महिन्यात तेच दुःख ओढवून घेणं आहे. तिथे तो मासा नकोच.

वीज तीन-चार तास गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. बाहेरचा डबाबंद फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर थेट सुरू करू नका. आतलं पाणी ऑक्सिजनविना सडलेलं असतं, ते टाकीत येतं. आधी ते ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळून मग लावा.

पुन्हा मासे आणताना

दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं घालायला सांगा. न खाणारा मासा, पर मिटलेला मासा, ज्या टाकीत एक जरी मेलेला दिसतोय त्या टाकीतला मासा घ्यायचा नाही. नुकताच माल उतरलेला असेल तर आठवड्याने या. तेवढ्यात जे कमकुवत आहेत ते कळतात. चमकत्या गुलाबी-हिरव्या रंगाचे ‘डिस्को’ ग्लासफिश दिसले तर ओळखा, तो मुळात पारदर्शक असलेला आपलाच परांबासिस आहे आणि त्याला सुईने रंग टोचलेला आहे. टोचलेल्या जागी संसर्ग होतो, मासा लवकर जातो. ते विकत घेणं थांबलं तरच टोचणं थांबेल. पाच सेंटिमीटरचा डेनिसन बार्ब ‘छोटा मासा’ म्हणून मिळतो. तो केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या नद्यांतला, दहा सेंटिमीटरच्या वर वाढतो, आणि निसर्गात संकटग्रस्त आहे. चार फुटांची टाकी असेल तर घ्या, आणि पैदास केंद्रातलाच आहे ना, ते विचारून घ्या.

नव्या माशांना २० लिटरचा टब, एक स्पंज फिल्टर आणि झाकण, तीन-चार आठवडे. स्पंज आधीपासून मुख्य टाकीत ठेवून मुरवलेला असावा, नाहीतर टबातच अमोनियाने मरतील. या काळात टॉर्चने रोज रात्री एकदा बघायचं.

आत्ता तुमच्या टाकीत जे दोन-तीन मासे उरलेत, त्यांना तसेच ठेवा. वहीत तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच, टीडीएस आणि तापमान एका ओळीत लिहायला लागा. सलग दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, की मग त्याच जातीचे सहा मासे टबात आणा, म्हणजे उरलेल्यांसह थवा आठच्या खाली राहत नाही, आणि ते मुख्य टाकीत रुळल्यावर महिन्याने आणखी सहा.